काचेची पेटी

एप्रिलपासून काळी पिशवी तीन आठवड्यांतून एकदाच नेणार,
घरटी तीन.
चौथी दिसली तर तिला लाल चिठ्ठी,
आणि ती तशीच दारात, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी.

कौन्सिलचं पत्रक आलं. एकीकडून वेल्श,
उलटं धरलं की इंग्रजी.
मी दोन्हीकडून वाचलं, दोन्हीकडून तेच.
कागद निळ्या पोत्यात, डबे नि प्लास्टिक लाल,
खरकटं तपकिरी डब्यात, वर कडी, सीगल पक्ष्यांसाठी.
आणि काच हिरव्या पेटीत.
पेटीला झाकण नाही.

झाकण नाही, हे आमच्या चढाच्या गल्लीत
दोघांनीच नीट वाचलं असावं:
मी, आणि अकरा नंबरच्या आयर्लिस प्रॉथेरो.

काळी पिशवी म्हणजे झाकली मूठ होती.
खाण बंद झाल्यावर किती वर्षं
माझ्या पिशव्या खणखणत गेल्या उतारावरून.
गेथिन त्या उचलताना डोंगराकडं बघायचा.
मग त्या खणखणायच्या थांबल्या,
येत्या ऑगस्टमध्ये नऊ वर्षं होतील.
गेथिननं विचारलं नाही काही. एकदा फक्त
पिशवी हातात तोलली
आणि अंगठा वर केला.

तर माझ्या हिरव्या पेटीत दर मंगळवारी काय,
बिटाच्या लोणच्याची बरणी. एखादी कॉफीची.
पावसाचं पाणी.

जूनमधल्या एका मंगळवारी तिच्यात
शेरीच्या तीन बाटल्या होत्या.
विसळलेल्या. टोपणं काढलेली. लेबलंसुद्धा खरवडलेली,
जे पत्रकातही सांगितलं नव्हतं.
इतकी स्वच्छता या गल्लीत एकच बाई करते,
चॅपलचे चहाचे कप
चाळीस वर्षं जिच्या हातून गेलेत.

पुढल्या आठवड्यात चार.
त्याच्या पुढल्या आठवड्यात मी दिवा न लावता खिडकीशी बसलो.
साडेअकराला अकरा नंबरचं दार उघडलं.
अंगात गाऊन, पायात ग्लिनचे रबरी बूट
(ग्लिनला जाऊन फेब्रुवारीत वर्ष झालं),
आणि प्रत्येक बाटलीभोवती भांडी पुसायचं फडकं,
आवाज नको म्हणून.
एकेक ठेवली, अंडी ठेवावीत तशी.

मी नुसता खोकलो असतो तरी पुरलं असतं.

गल्लीला डोळे आहेत.
पोस्टमन हल्ली माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसा बोलतो.
शनिवारी कॅरिस आली. आधी पेटीकडं पाहिलं,
मग माझ्या हातांकडं,
कप उचलताना थरथरतात का.
थरथरले. कुणी बघत असलं की ते थरथरतातच.
"डॅड, काही सांगायचंय?"
"मंगळवारी काच," मी म्हणालो,
"काळी पिशवी अजून दहा दिवसांनी."
ती जेवायला थांबली नाही.
मुलांनाही आणलं नव्हतं.

गेथिनला मात्र कळलंय.
परवा त्यानं माझी पेटी उचलली, खरवडलेल्या काचेवरून
हातमोज्याचं बोट फिरवलं,
समोर अकरा नंबरच्या पेटीकडं पाहिलं:
कोरडी ठणठणीत, धुऊन उपडी.
काही बोलला नाही. त्याला पुढं अजून सदतीस घरं.
बाटल्या गाडीत पडल्या तो आवाज
पार खालच्या पुलापर्यंत गेला असेल.

पेटीच्या तळाशी एक फडकं राहिलं होतं,
टेन्बीच्या बंदराचं चित्र, एका कोपऱ्यात जळलेलं.
मी ते धुतलं. इस्त्री केली,
मला येते तशी.

आज सोमवार. साडेअकरा.
फडकं घडी करून पेटीच्या काठावर ठेवलंय,
किटली चढवलीय,
आणि दिवा, पुढच्या खोलीतला मोठा,
पडदे सारून लावलाय.

त्या रस्त्याच्या मधोमध थांबल्यात.
ग्लिनचे बूट, कुशीत दोन बाटल्या.
फडक्याकडं बघतायत.
अजून मागं वळलेल्या नाहीत.